तंजावर ते तरंगंबाडी : सरफोजीराजांच्या गुरूच्या मागावर

तंजावरला जाणारा मराठी माणूस बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून परततो; मंदिरालगतच्या शिवगंगा उद्यानातल्या १७७९ सालच्या लहानशा चर्चकडे तो सहसा वळत नाही. आम्ही भर दुपारी गेलो आणि दाराला कुलूप पाहून परतलो. सकाळी लवकर जावे आणि राखणदाराची आधी चौकशी करावी, हे दुसऱ्या फेरीत उमगले.

आतल्या पांढऱ्या संगमरवरी शिल्पपटासमोर मात्र अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. लुथरपंथी (मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे) जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत, सरफोजीराजांनी त्यांचा हात हाती घेतला आहे आणि पलंगाशी तीन शाळकरी मुले बिलगली आहेत. तुळजाजीराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचा सांभाळ आणि शिक्षण श्वार्ट्झ यांनी पाहिले. १७९८ मध्ये ते वारल्यावर राजांनी हे स्मारक लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतले. फ्लॅक्समनने तंजावर कधी पाहिले नव्हते, हे जाणून शिल्पातला पेहराव न्याहाळण्यात वेगळीच गंमत आहे. चर्चही सरफोजींनीच बांधले असे सर्रास सांगितले जाते. पण त्यांचा जन्म १७७७ चा, तेव्हा दोन वर्षांच्या मुलाला हे श्रेय देणे जरा अवघडच आहे.

श्वार्ट्झ १७५० मध्ये जेथे उतरले, ते तरंगंबाडी, म्हणजे डॅनिशांची जुनी किनारी वसाहत, पाहिल्याखेरीज ही कथा अर्धीच राहते. तंजावरहून रेल्वेने मयिलादुतुरै आणि तेथून बसने तासभर, असा सोपा मार्ग आहे. १७९२ सालच्या वेशीतून शिरल्यावर किंग स्ट्रीटवरच न्यू जेरुसलेम चर्च लागते; दर्शनी भिंतीवर डेन्मार्कच्या राजाची मुकुटांकित मुद्रा आणि १७१८ हे साल आहे. डेन्मार्कच्या राजाने धाडलेले आणि १७०६ मध्ये आलेले जर्मन धर्मोपदेशक झीगेनबाल्ग यांनी ते उभारले आणि चारच महिन्यांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांना तेथेच पुरण्यात आले. लोकांना धर्मग्रंथ त्यांच्याच भाषेत वाचता यावा, या लुथरच्या आग्रहापोटी त्यांनी बायबलमधला नवा करार तमिळमध्ये छापून घेतला होता; मात्र त्यांना चार महिने कैदेत ठेवणारा गव्हर्नर डॅनिशच होता.

रविवारची उपासना आजही तमिळमध्ये होते. चपला दाराबाहेर काढाव्यात आणि प्रवचन चालू असताना छायाचित्रे घेऊ नयेत. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.