लांब का?

दुपारी अडीचला टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलं होतं. गेट पडलं की आपल्याकडं रस्त्याला डावी-उजवी बाजू उरत नाही. अलीकडची फौज, पलीकडची फौज, मध्ये रूळ, थेट पानिपत. माझ्यापुढं एक वयस्कर गृहस्थ स्कूटरवर. इंजिन बंद, चावी चालू, आणि डावा इंडिकेटर पीं पीं करत लुकलुकतोय.

चौघापाचजणांनी त्यांना खुणावलं. बोटं मिटायची-उघडायची, ती खूण. जन्मात कधी इंडिकेटर न दिलेला माणूससुद्धा दुसऱ्याचा चालू राहिलेला दिसला की अर्धा मैल पाठलाग करून सांगतो. साइड स्टँड आणि चाकात जाणारी ओढणी, त्यांच्या बरोबरीचं हे पुण्य.

लहानपणी मी स्वतःच इंडिकेटर होतो. आप्पांच्या स्कूटरचे पिवळे दिवे बेळगावच्या पहिल्याच पावसात गेले, ते बदलायला त्यांना सवड झाली नाही. मागच्या सीटवर मी. "काढ हात!" म्हणाले की काढायचा. उजवीकडं सोपं, हात आडवा, तळवा पुढं. डावीकडं वळायलाही उजवाच हात, पण घड्याळाच्या उलट गोल फिरवायचा. नियमच तसा आहे, आणि आप्पांनी लायसनच्या वेळी तो घोकलेला. शहापूरच्या खडेबाजारातून मी ताक घुसळल्यासारखा हात फिरवत जायचो. कळायचं कुणालाच नाही. एक भाजीवाली रोज उलट टाटा करायची.

मुळात कुठं वळणार ते आधी सांगायचं, हे आपल्याला शिकवलंय कुणी? निघालेल्याला "कुठं?" विचारलं की आजी डोळे वटारायची. विचारायचंच तर "लांब का?" त्यावर उत्तर, "हे इथंच." 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. शेजारच्या कानडी अक्का "होगि बरतीनि" म्हणून निघायच्या. तेही तेच, जाऊन येते. बाकी कशावर नाही, पण यावर इथल्या दोन्ही भाषांचं एकमत! मग चौकाआधीच दिवा लावून अख्ख्या गावाला बेत सांगायचा, तो कुठल्या तोंडानं? बसचा कंडक्टर "राइट!" ओरडायचा आणि बस सरळ जायची, त्यातही कुणाला काही वाटायचं नाही.

हायवे चार पदरी होण्याआधी पुढच्या ट्रकचा उजवा लुकलुकला की त्याचा अर्थ, ये, वाट मोकळी आहे. कधीकधी मात्र तो खरंच उजवीकडं वळत असायचा. एकदा रात्री निपाणीहून येत होतो. उसाचे दिवस. पुढं ट्रॅक्टर आहे, मागं दोन ट्रॉल्या आहेत, हे कळलं तेव्हा उसाचं वाढं आप्पांच्या हँडलला घासत होतं. मागचे दिवे असलेच तर त्या वाढ्याखाली. आप्पांनी गाडी कडेला घेतली, चष्मा पुसला, पुन्हा घातला. घरापर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्कूटरला चारही नवे इंडिकेटर बसले आणि माझी नोकरी गेली.

तेव्हापासून मी रिकाम्या गल्लीतही इंडिकेटर देतो. आमच्याच फाटकात वळतानासुद्धा. बायको विचारते, "कुणाला सांगताय? मांजराला?" एका बाजूच्या बल्बांपैकी एक गेला की बाकीचा दुप्पट घाईनं लुकलुकायला लागतो, तेवढ्यानंही मी गॅरेज गाठतो.

तर गाडी गेली, गेट वर झालं. लोकांच्या आग्रहाला मान देऊन गृहस्थांनी ओशाळून इंडिकेटर बंद केला, रूळ ओलांडले, आणि पहिल्याच वळणाला डावीकडं वळले.

मागच्यानं करकचून ब्रेक दाबला. "ओ काका, इंडिकेटर द्यायला काय झालं?"

त्यांना मघाशी बोटं उघडून-मिटून दाखवणाऱ्यांत हा होता. मीही होतो.