रामोजी फिल्म सिटी, मागच्या बाजूने

हैदराबादला जायचं ठरलं ते माझ्या लेकाच्या हट्टापायी. त्याला बाहुबलीचा सेट बघायचा होता, बाकी चारमिनार, गोवळकोंडा, बिर्याणी हे सगळं माझ्यासाठी. आई कोल्हापूरहून पुण्याला आलेलीच होती, म्हटलं चल तू पण. ती म्हणाली, "येतो की, बघू तरी केवढा स्टुडिओ आहे ते." (कोल्हापूरच्या बायका "येतो, जातो" असंच म्हणतात, पुण्यात तीस वर्षं काढून माझं ते गेलं, आईचं नाही गेलं.) हुसेनसागर एक्सप्रेसने गेलो. पहिले दोन दिवस शहर बघण्यात गेले, सालारजंग म्युझियममध्ये पाय दुखून आले, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

तिसऱ्या दिवशी रामोजी. आम्ही एका टूरवाल्याची बस घेतली आणि तिथेच चुकलं. आठला निघणार म्हणाला आणि हॉटेल-हॉटेल फिरून माणसं गोळा करत साडेदहाला कुठे शहराबाहेर पडला, त्यात परत एका मोत्यांच्या दुकानात अर्धा तास थांबवलं. सत्तरीच्या बाईला घेऊन जाताय तर स्वतःची गाडी करा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. रामोजीचं तिकीटच माणशी हजाराच्या वर आहे, मग दिवस अर्धा का घालवायचा?

विजयवाडा हायवेला शहरापासून तीसेक किलोमीटरवर हे सगळं आहे. रामोजी रावांनी १९९६ मध्ये ही फिल्म सिटी उभी केली, जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. १६६६ एकर हा आकडा ऐकून काही कळत नाही, पण मुख्य गेटपासून आत जायलाच बस लागते तेव्हा कळतं. नुसती गोष्ट घेऊन आत या आणि तयार पिक्चरचे डबे घेऊनच बाहेर पडा, अशी त्यामागची कल्पना होती. आईला मात्र रामोजी माहीत होतं ते वेगळ्याच कारणाने. आमच्या गल्लीतला एक मुलगा ई टीव्ही मराठीत लागला होता. हे चॅनल २००० मध्ये सुरू झालं आणि त्याचं बातम्यांचं डेस्क इथंच होतं, रामोजीत. म्हणजे आपल्या गावच्या बातम्या हैदराबादजवळच्या माळावर बसून मराठी पोरं लिहायची. आई बसमध्ये शेजारणीला सांगत होती, "आमच्या गल्लीतला पोरगा हितं होता," ती बाई तामिळ होती, तरी मान डोलवत होती.

आत लाल बसमधून फिरवतात. एकच इमारत, एका बाजूने एअरपोर्ट, बस वळली की दुसऱ्या बाजूने हॉस्पिटल. मग रेल्वे स्टेशन, पाटी बदलली की गाव बदललं. परदेशातल्यासारखा रस्ता, जपानी बाग, मुघल बाग. सगळे फटाफट फोटो काढत होते. आणि आई प्रत्येक ठिकाणी उतरून मागे जायला बघत होती. मी दोनदा ओढून आणली, तिसऱ्यांदा जरा चिडलेच, "आई, पुढून बघायचं असतं गं, मागे काय आहे?" तर म्हणाली, "अण्णांचं काम मागंच असायचं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओत सुतार होते. हे मला माहीत होतं, पण आजोबा फिल्म लाइनमध्ये होते असं मैत्रिणींना सांगायला वापरलं तेवढंच, नीट विचारलं कधीच नाही. भालजी पेंढारकरांचा तो स्टुडिओ १९४८ मध्ये जाळला गेला आणि परत उभा राहिला, त्या परत उभ्या राहिलेल्या स्टुडिओत अण्णांनी काम केलं. आई लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची. एकदा म्हणे मोठ्या वाड्याचा दरवाजा बघून आत पळाली तर पलीकडे नुसते बांबूचे टेकू आणि मोकळं मैदान, आणि अण्णा तिथे तोंडात खिळे धरून बसलेले. हे ती मला आत्ता, वयाच्या सत्तराव्या वर्षी, रामोजीच्या लाल बसमध्ये सांगत होती.

बाहुबलीचा सेट भव्य आहे, साबू सिरिल यांनी केलेला, शूटिंग संपल्यावर लोकांना बघायला तसाच ठेवलाय. लेक तर वेडाच झाला, त्याला त्याच्या बाबांबरोबर तिथेच सोडला. आई एका खांबाजवळ गेली, आजूबाजूला बघितलं आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. डब डब आवाज आला. मग दुसरीकडे. "हे फायबर. आणि हे पीओपी असणार. अण्णा तट्ट्यांवर प्लास्टरमधलं गोणपाट लावायचे, वाळलं की दगड." तोंडावर असा आनंद की मी फोन खालीच ठेवला.

आणि नंतर जे झालं त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

जेवणानंतर एका देवळासारख्या सेटच्या कडेला एक कामगार बसला होता, खालची भिंत पावसाने फुगून रंग गेलेला, तो दुरुस्त करत होता. तीन-चार डबे, स्पंज, चिंधी. आई सरळ त्याच्याकडे. तो म्हणाला, "नक्को अम्मा, कलर लगता." आईला एवढंच ऐकू आलं, "नक्को". माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, आपलंच बोलतोय." हैदराबादी बोलीतलं नक्को आपल्या नकोवरूनच आलंय, पण त्या वेळी हे सांगायचं मला सुचलं नाही. कारण ती तोवर खाली बसली होती. साडी सावरून, गुडघे दुखतात ते विसरून, त्याच्या शेजारी मातीत.

तो स्पंजने करड्यावर काळपट रंग टिपत होता, दगडाचा खरखरीतपणा येत होता. आई बघत राहिली. मग तिने त्याला मराठीत विचारलं की भेगा कशाने काढता. त्याला शब्द कळले नाहीत पण प्रश्न कळला, त्याने बारीक ब्रश दाखवला. आईने मान हलवली, इकडेतिकडे बघितलं, आणि झाडाखाली पडलेलं कबुतराचं पीस उचलून आणलं. त्याच्याकडे बघून, करू का, असं हातानेच विचारलं. तो हसला आणि डबा पुढे सरकवला.

तिने पिसाची कड रंगात बुडवली, झटकली, आणि हात सैल सोडून ते पीस भिंतीवरून जरा थरथरवत ओढलं. एक शीर उमटली, मध्येच जाड, मध्येच तुटलेली, अगदी खऱ्या दगडात असते तशी. तो माणूस पुढे वाकला. काहीतरी तेलुगूत म्हणाला, स्वतःशीच. मग तिच्या हातातून पीस घेऊन त्याने शेजारी दुसरी काढली. मग परत आईने. दहा मिनिटं दोघं भेगा काढत होते, एक कोल्हापुरीत बोलत होती, एक तेलुगूत, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. तिला हे येतं हेच मला माहीत नव्हतं. "अण्णा शिकवायचे, रविवारी, घरच्या भिंतीवर. आई ओरडायची त्यांना."

उठताना त्याने हात दिला. आईने पर्समधून खोबऱ्याची वडी काढून त्याला दिली आणि ते पीस रुमालात गुंडाळून घेतलं.

त्यानंतर आम्ही टांग्यातल्या बसंतीचा पाठलाग करून दाखवतात तो शो बघितला, प्रेक्षकांतल्याच एकीला टांग्यात बसवून, मग आवाज वेगळे घालून पूर्ण सीन दाखवतात, लेकाला तो सगळ्यात आवडला. संध्याकाळचं फारसं आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, त्या काळी पिक्चरच्या नावांत सुतारांची नावं यायची नाहीत, आणि सेट तर काम संपलं की मोडायचे, लाकूड पुढच्या सेटला. म्हणजे अण्णांनी आयुष्यभर वाडे, किल्ले, देवळं बांधली आणि उभं काहीच राहिलं नाही. इथे लोक पैसे देऊन रिकामे सेट बघायला येतात, ते आईला किती बरं वाटलं असेल. ती परतताना खिडकीतून मागे बघत होती, दिसेनासं होईपर्यंत.

ट्रेनमध्ये म्हणाली, "आपल्या स्वयपाकघरातलं फडताळ आहे नव्हं, ते सेटच्या लाकडाचं आहे. मागच्या बाजूला हत्ती आहे." मी त्या घरात वाढले. त्या फडताळातून लाडू चोरून खाल्लेत. हत्ती मला माहीत नव्हता.

आई कोल्हापूरला पोचल्यावर चार दिवसांनी माझ्या भाच्याच्या फोनवरून फोटो आला. दोघांनी मिळून फडताळ भिंतीपासून ओढलेलं, मागे जाळी, धूळ, आणि त्यात निळसर रंगाचा हत्ती, झूल आणि सोंड अगदी स्वच्छ. मी लगेच फोन केला. आई म्हणाली, "पाय नाहीत गं त्याला, फळी तिथंच कापली होती. मी पुसून घेतला. आता काही दिवस असंच उलटं राहू दे म्हटलं फडताळ."