हॉर्न्ली म्हणजे मॅकरोनी, पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची

पुस्तकातून जर्मन शिकून झ्युरिकला येणारा आधी अडतो तो जेवणाच्या शब्दांवर. इथे लिहितात प्रमाण जर्मन, बोलतात मात्र बोली. आपल्याकडे घरी मालवणी किंवा अहिराणी बोलणारा माणूस कचेरीत गेला की प्रमाण मराठीवर येतो. इथे बँकेतले अधिकारी आणि डॉक्टरसुद्धा आपसात बोलीतच बोलतात. मेन्यूवर छापलेले शब्दही जर्मनीपेक्षा वेगळे.

शाकाहारी मंडळींनी दोन शब्द आधीच पाठ करावेत. स्वित्झर्लंडमध्ये ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. जर्मनीत तिला ‘पाप्रिका’ म्हणतात, आणि तिथे पेपेरोनी मागितली तर तिखट मिरची पुढ्यात येते. अमेरिकी पिझ्झावरचे सॉसेज हे तिसरेच. दुसरा शब्द ‘हॉर्न्ली’. जर्मनीत ‘हॉर्न्शन’ हा चंद्रकोरीसारखा पाव. इथे त्या पावाला ‘गिप्फेली’ म्हणतात आणि हॉर्न्ली ही वाकडी मॅकरोनी. ‘घाकेट्स मिट हॉर्न्ली’ दिसले तर थांबा: तो खिमा आहे, सोबत सफरचंदाचा गर असतो.

नऊच्या खाण्याला ‘त्सन्यूनी’ आणि चारच्या खाण्याला ‘त्सफिएरी’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘नवाला’ आणि ‘चाराला’. यातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च, तेव्हा मराठी जिभेला तो जड जात नाही.

फ्रिबोर्गजवळ झाने नदीपाशी भाषा बदलते: जर्मन संपून फ्रेंच सुरू होते. या सीमेला बटाट्याच्या रोश्टीवरून ‘रोश्टीग्राबेन’, म्हणजे रोश्टीचा खंदक, असे नाव पडले आहे. पलीकडे लोझानमध्ये ‘दिने’ हे दुपारचे जेवण, तर पॅरिसमध्ये रात्रीचे. टेबल राखून ठेवताना शब्दासोबत वेळही सांगा, नाहीतर दुपारी बाराचे टेबल मिळेल. बिल 95 फ्रँक झाले तर लोझानमध्ये ‘नोनांत-सँक’ म्हणतील. फ्रान्समध्ये त्याचेच ‘चार-वीस-पंधरा’ होते.

फोंड्यूचेही, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजचेही, तसेच: जागा बदलली की कृती बदलते. फ्रिबोर्गच्या ‘म्वातिए-म्वातिए’साठी, म्हणजे ‘अर्धे-अर्धे’साठी, चौघांना 400 ग्रॅम ग्रुयेर आणि 400 ग्रॅम वाशरँ ही दोन चीज, तीन ते चार डेसिलिटर आंबटसर पांढरी वाइन, लसणाची एक पाकळी आणि तीन-चार चमचे कॉर्नफ्लोअर लागते. जाड बुडाच्या भांड्याला लसूण चोळायचा, वाइन गरम करायची आणि किसलेले चीज मंद आचेवर थोडे थोडे घालत ढवळायचे. आच वाढली किंवा आंबटपणा कमी पडला की प्रथिनांचा गोळा होतो आणि तूप वेगळे सुटते. अशा वेळी आच कमी करून चमचाभर लिंबाचा रस आणि वाइनमध्ये कालवलेले थोडे कॉर्नफ्लोअर घालून जोरात फेटा. बहुतेक वेळा ते सावरते. नुसत्या वाशरँचे फोंड्यू पाण्यात होते, पण ते उकळले की गेलेच.

शेजारच्या फ्रेंच साव्वात बोफोर आणि कोंते चीज घालतात. इटलीच्या आओस्ता खोऱ्यातली ‘फोंदूता’ वाइनशिवाय होते: फोंतिना चीज दुधात काही तास भिजवायचे, मग लोणी आणि अंड्याचे बलक. अंडे न खाणाऱ्यांनी आधी विचारावे. ग्रुयेरमध्येही वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, असते, त्यामुळे कडक शाकाहारी माणसाला ते चालणार नाही.

शेवटी भांड्याच्या तळाशी खरपूस पापुद्रा उरतो. आपल्या खरवडीसारखाच तो सगळ्यांना हवा असतो. फ्रेंच भागात त्याला ‘रलिज्योझ’, म्हणजे जोगीण, म्हणतात आणि जर्मन भागात ‘ग्रोसमुटर’, म्हणजे आजी.