रक्तातलं अल्कोहोल मोजताना: आकडा बिघडतो तो यंत्राच्या आधी

एम.एस्सी. फॉरेन्सिक केमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिकात हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफी (बंद कुपीत द्रवावर जमलेली वाफ यंत्रात सोडून तिच्यातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) आली की सगळ्यांचं लक्ष स्क्रीनवरच्या पीककडे, म्हणजे आलेखातल्या उंचवट्याकडे, लागतं. खरं तर चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. म्हणून सुरुवात रक्त गोळा करायच्या कुपीपासूनच करावी.

10 मिलि रक्तासाठी 100 मिग्रॅ सोडियम फ्लोराइड आणि 20 मिग्रॅ पोटॅशियम ऑक्झलेट हवं. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. फ्लोराइड जंतू आणि यीस्टना रोखतं. रक्तशर्करेच्या छोट्या नळीतही फ्लोराइड असतं, पण मात्रा कमी, आणि त्या भरवशावर नमुना आठवडाभर ठेवला तर रक्तातल्या साखरेपासून नवीन इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल) तयार होऊ शकतं. नळी अर्धी रिकामी असेल तर इथेनॉल वरच्या हवेत जातं आणि बूच उघडताच उडून जातं. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसू नये, हे तर पहिल्याच दिवशी पाठ व्हायला हवं.

आता प्रमाण द्रावण, म्हणजे तीव्रता आधीच ठाऊक असलेलं तुलनेचं द्रावण. 20 अंशांना इथेनॉलची घनता 0.789, म्हणजे 100 मिलीत 1000 मिग्रॅ हवं असेल तर 1.267 मिलि लागेल. पण पिपेटने घेण्यापेक्षा वजन करा. फ्लास्कमध्ये आधी अर्धं पाणी घ्या, मगच इथेनॉल सोडा. कोरड्या फ्लास्कमध्ये ते वजन होईतो उडत राहतं. या साठ्यातले 3 मिलि 100 मिलीपर्यंत नेले की 30 मिग्रॅचं द्रावण, 5 मिलीचं 50. नमुना ज्याच्याशी ताडून पाहायचा त्या आलेखात हे दोन बिंदू हवेतच: मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मधली मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिग्रॅ आहे, आणि महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यातला 0.05 टक्के हा आकडा म्हणजेच 50 मिग्रॅ.

यंत्रात लावायच्या कुपीत 100 मायक्रोलिटर रक्त आणि 1 मिलि एन-प्रोपेनॉलचं द्रावण (100 मिलीत 10 मिग्रॅ) घाला, लगेच क्रिंप करा (झाकण दाबून हवाबंद करा), 60 अंशांना 15 ते 20 मिनिटं ठेवा. एन-प्रोपेनॉल हे इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे ठरलेल्या मात्रेत घातलेला तुलनेचा पदार्थ: इथेनॉलचं पीक त्याच्या पीकशी असलेल्या गुणोत्तरावरून मोजतात. रक्त इतकं पातळ का करायचं? क्षार आणि प्रथिनांमुळे इथेनॉल पाण्यापेक्षा रक्तातून वेगळ्या प्रमाणात वाफेत जातं. अकरा पट विरलता आली की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. रक्तात गुठळी असेल तर आधी होमोजनाइझ (एकजीव) करा, नाहीतर पिपेटमध्ये नुसता सीरम (गुठळीभोवतीचा पातळ द्रव) येईल, आणि सीरममध्ये पाणी जास्त असल्याने आकडा 12 ते 18 टक्क्यांनी फुगतो.

प्रत्येक नमुना दोनदा, वेगवेगळ्या दोन कॉलमवर (यंत्रातल्या, वाफेतले घटक वेगळे करणाऱ्या नळ्यांवर) चालवा. दोन्हीकडे बाहेर पडण्याचा क्रम वेगळा असल्याने एकीकडे इथेनॉलवर चढलेलं पीक दुसरीकडे सुटं होतं. रंग बदलण्यावर चालणाऱ्या जुन्या डायक्रोमेट पद्धतीत ही सोयच नव्हती. मिथेनॉलही तिथे रंग बदलायचं. जास्त तीव्रतेच्या नमुन्यानंतर ब्लँक (इथेनॉल नसलेला नमुना) लावायला विसरू नका.

सर्वात फसवा नमुना कुजलेल्या मृतदेहाचा. कुजताना रक्तात एन-प्रोपेनॉल आपोआप तयार होतं. ते आपल्याच इंटर्नल स्टँडर्डमध्ये मिसळतं, त्याचं पीक मोठं होतं, गुणोत्तर घटतं आणि इथेनॉल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. अशा वेळी टर्शरी ब्युटेनॉल वापरावं, आणि सोबत डोळ्यातला व्हिट्रियस द्रव मिळाला असेल तर तोही मोजावा. तिथे जंतू उशिरा पोहोचतात.