भावाची गोळी तुरुंगात पोचेपर्यंत

भावाला अटक झाली त्या रात्री मी त्याच्या गोळ्यांची पाकिटं घेऊनच पोलीस ठाण्यात गेले होते. त्यातली लिथियमची गोळी त्याच्या पोटात जायला पुढे एकेचाळीस दिवस लागले. त्या दिवसांत काय काय करावं लागलं ते इथे लिहितेय. तुरुंगातल्या मुलाखतीच्या रांगेत माझ्यासारख्याच पाकिटं घेऊन उभ्या असलेल्या बऱ्याच बायका मला भेटल्या, आणि पुढे काय करायचं हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. तेविसाव्या वर्षी त्याला बायपोलर आजार असल्याचं निदान झालं, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं. लिथियमवर तो सहा वर्षं चांगला होता, नोकरी करत होता. जानेवारी २०२३ मध्ये त्यानं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. बरं वाटत होतं म्हणून. फेब्रुवारीत त्याची झोप तीन तासांवर आली, बोलणं वाढलं, पैसे वाटणं सुरू झालं. आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली होती, पण त्याआधीच १२ मार्चला तो एसटी स्टँडवर उभ्या गाडीत चढला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून म्हणाला, "ही गाडी मी पंढरपूरला फुकट नेणार." कंडक्टरांनी खाली ओढलं तेव्हा यानं त्यांना मारलं. ओठाला दोन टाके पडले, तिकिटाचं मशीन फुटलं, काच फुटली. त्या माणसाला खरोखर लागलं होतं आणि त्याची तक्रार खरी होती, हे मी आधीच सांगते. गुन्हा सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला केल्याचा, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं ३५३ आणि ३३२, शिवाय सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा.

ठाण्यात मी सांगितलं, "साहेब, याला मानसिक आजार आहे, ही बघा फाइल." उत्तर आलं, "ते कोर्टात सांगा." कोर्टात मात्र आमचे वकीलच म्हणाले, "वेडाचं नाव काढू नका, जामीन अडकेल." मी गप्प बसले. सगळ्यात मोठी चूक माझी तीच. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? त्यानं दोन मिनिटं भाषण केलं, कोर्टात लोक हसले, आणि त्याला न्यायालयीन कोठडी मिळाली. रिमांडच्या कागदावर आजाराचा एक शब्दही आला नाही. 'आरोपी अमुक आजारावर उपचार घेत आहे, कारागृहात औषधं चालू ठेवावीत' एवढी एक ओळ त्या दिवशी मागितली असती, तर पुढचा महिना वाचला असता. कोर्ट तशी ओळ लिहून देतं. पण मागावी लागते.

तुरुंगाच्या दारावर गोळ्या घेतल्या नाहीत. चिठ्ठी दाखवली, सीलबंद पाकिटं दाखवली. हवालदार म्हणाले, "ताई, बाहेरचं औषध आत जात नाही, कोर्टाची ऑर्डर आणा, नाहीतर साहेबांची परवानगी." तेव्हा मला रडू फुटलं. नंतर कळलं की झोपेच्या गोळ्या आत नशेसाठी विकल्या जातात, म्हणून प्रत्येक पाकिटाकडे संशयानं बघतात. कारण पटलं, पण लिथियमची नशा होत नाही, हे दारावरच्या माणसाला कुणी सांगायचं?

पहिली मुलाखत दहाव्या दिवशी झाली. काचेपलीकडे भाऊ, दोघांच्या कानाला फोन. तो रात्रभर गात होता म्हणून त्याला बराकीतून काढून वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. डोळे तांबारलेले, आवाज बसलेला. मला म्हणाला, "ताई, मी इथल्या सगळ्यांचा जामीन भरतोय, पैशाचं बघ." वीस मिनिटांत मला त्याला एकच विचारायचं होतं, गोळ्या कोणत्या देतात? ते त्याला सांगता आलं नाही. मेनियात, म्हणजे मन असं चढलेलं असताना, माणसानं स्वतःच्या आजाराचा इतिहास स्वतः सांगावा, अशी ती सगळी व्यवस्था आहे.

त्या रांगेत मी किती जणींशी बोलले! एकीच्या मुलाला आवाज ऐकू यायचे. एकीच्या नवऱ्याची दारू अटकेनंतर एकदम सुटली आणि तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर साप दिसायला लागले. पुढे मी वाचलं की बंगळुरूच्या तुरुंगात निम्हान्स या तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी ५०२४ बंद्यांची तपासणी केली होती. २०११ च्या त्या अहवालात व्यसनं बाजूला काढल्यावरही २७.६ टक्के बंद्यांना काही ना काही मानसिक विकार निघाला. म्हणजे चार माणसांत एकाहून जास्त. रांगेतही साधारण तसंच दिसत होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे कागदाची ताकद मला माहीत आहे. तोंडी बोलणं बंद करून मी अर्ज करायला लागले. पहिला अर्ज कारागृह अधीक्षकांना, प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना, दोन्हींच्या पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक. आठवड्यानं तुरुंगाचे डॉक्टर दारापाशी येऊन भेटले. थकलेला, सरळ माणूस. एवढ्या मोठ्या तुरुंगाला ते एकटे, मानसोपचारतज्ज्ञ सिव्हिलमधून पंधरा दिवसांतून एकदा यायचे. ते म्हणाले, "मी त्याला मेनिया उतरवायला ओलान्झापिन देतोय, दोनदा इंजेक्शनही दिलं. पण रक्तातली पातळी तपासायची सोय असल्याशिवाय मी लिथियम सुरू करणार नाही. इथे ती तपासणी होत नाही, आणि हा उन्हाळा आहे."

त्यांचं बरोबर होतं. लिथियमचा डोस आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. घाम गेला, पाणी कमी पडलं, जुलाब झाले की पातळी वर चढते. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं तरी चढते, आणि तुरुंगात अंगदुखीवर पहिली गोळी तीच मिळते. नुसतं 'औषध द्या' असं ओरडून चालणार नव्हतं, तपासणीची सोय मागायला हवी होती. हे मला त्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावलं. मी आजही त्यांची ऋणी आहे.

मग भावाच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी अगदी कामाचा असा एक कागद करून दिला. जाडजूड फाइल आत कुणी वाचत नाही, म्हणून एकच पान. निदान, किती सालापासून, लिथियम दिवसाला ९०० मिलिग्रॅम, शेवटची पातळी ०.७, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइडचे आकडे, औषध थांबलं की काय होतं, कोणत्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. खाली ठळक अक्षरांत: हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणं यांपैकी काही दिसल्यास गोळी थांबवून ताबडतोब दवाखान्यात न्यावं. मी त्याचा मराठी तर्जुमा करून मागच्या बाजूला छापला, कारण रात्री बराकीत डॉक्टर नसतो, हवालदार असतो.

वकील बदलले. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मधलं कलम १२ तेच सांगतं. हे मला रांगेतल्याच एका बाईनं सांगितलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं दिलेल्या वकीलबाई तरुण होत्या, पण त्यांनी माझ्या डोक्यातला गुंता सोडवला. त्या म्हणाल्या, "ताई, यात तीन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र करू नका. गुन्हा घडला तेव्हा त्याला आपण काय करतोय ते कळत होतं का, हा एक. आज त्याला खटला समजतोय का, हा दुसरा. आणि आज त्याला उपचार हवेत का, हा तिसरा. आपण तिसऱ्यापासून सुरुवात करू."

दुसऱ्या प्रश्नाला त्या इतक्या जपून का होत्या, ते त्यांनी मचांग लालुंग यांचं नाव घेऊन सांगितलं. आसाममधले हे गृहस्थ १९५१ मध्ये पकडले गेले, तिथून तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं, तरी ते कोठडीतच राहिले आणि २००५ मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटले. चौपन्न वर्षं. आरोपीला खटला समजत नाही असं ठरलं की खटला थांबतो, आणि पाठपुरावा करणारं कुणी नसेल तर माणूसही तिथेच थांबतो. तेव्हा हे सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम ३२९ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ३६८. 'आरोपीला खटला समजत नाही' असा अर्ज पहिल्याच दिवशी करू असं कुणी वकील म्हणाला तर पुढे काय होऊ शकतं ते विचारून घ्या.

आमचा अर्ज मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ वर उभा होता. त्याचं कलम १०३ बंद्यांसाठी आहे. तुरुंगाच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा, मानसिक रुग्ण तुरुंगात का ठेवलाय असं मंडळ विचारू शकतं, आणि राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांचं केंद्र सरकारनं उभारायचं, असं त्यात लिहिलंय. वकीलबाईंनी मागणी मात्र साधी ठेवली: प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखल करून लिथियम पुन्हा सुरू करावं आणि पातळी तपासावी. राज्यात अशी सरकारी रुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. कोर्टानं तुरुंगाच्या डॉक्टरांचा अहवाल मागवला. माझ्या अर्जाचे आवक क्रमांक आणि ते एक पान त्यांनी अहवालाला जोडलं होतं. १० एप्रिलला आदेश झाला.

आदेश झाला म्हणजे माणूस हलला, असं मला वाटलं होतं. पण बंद्याला बाहेर न्यायला पोलिसांची कैदी पार्टी, म्हणजे सोबत जाणारी तुकडी, लागते. १४ एप्रिलला जयंतीचा बंदोबस्त, त्याआधी मनुष्यबळ नाही, नंतर गाडी नाही. मी रोज सकाळी शाळेआधी पोलीस मुख्यालयात फोन करायचे. माझा आवाज तिथल्या अंमलदारांना ओळखू यायला लागला. चिडले नाही, रोज तेवढ्याच शांतपणे आदेशाचा क्रमांक सांगितला. २० तारखेला गाडी निघाली. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर २२ तारखेला संध्याकाळी त्याला पहिली गोळी मिळाली.

रुग्णालयात तो एकवीस दिवस होता. दारावर दोन पोलीस, बाकी तो इतर रुग्णांसारखाच एक रुग्ण. दुसऱ्या आठवड्यात त्याचं बोलणं हळू झालं. एके दिवशी मला म्हणाला, "त्या कंडक्टरांना किती लागलं गं?" तोपर्यंत त्यानं हे विचारलं नव्हतं. मी टाक्यांचं सांगितलं. तो बराच वेळ हाताच्या नखांकडे बघत राहिला.

मग परत तुरुंग. मला सगळ्यात जास्त भीती याच टप्प्याची होती, कारण डिस्चार्ज कार्ड वाटेत हरवलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी कार्डाच्या चार प्रती केल्या: पार्टीच्या हवालदारांकडे, अधीक्षकांना, डॉक्टरांना, कोर्टात. गोळ्या मिळत राहिल्या. पण तुरुंगाचं घड्याळ वेगळं असतं. संध्याकाळी बंदी होऊन बराकीला कुलूप लागतं, त्यामुळे रात्रीची गोळी पाच वाजताच देतात. ओलान्झापिननं तो सहाला झोपायचा आणि रात्री दोनला टक्क जागा. अंधारात, साठ माणसांत. आधी मला वाटलं आजार उलटला. डॉक्टरांना पुन्हा अर्ज केला, तेव्हा कळलं की झोप पुरेशी होतेय, फक्त वेळ सरकलीय. पाण्याचं काम बराकीतल्या एका जुन्या पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यानं अंगावर घेतलं. भावाजवळ बाटली ठेवायची आणि ती संपली का ते बघायचं. त्या काकांचा चेहराही मी पाहिलेला नाही.

जामीन २५ मेला झाला, सत्र न्यायालयातून. या वेळी आजार लपवला नाही, उलट तोच आधार होता: उपचारांचा रेकॉर्ड, पातळीचे रिपोर्ट, आणि दरमहा तपासणीला नेण्याची माझी लेखी हमी. पहिल्या वकिलांनी घातलेली भीती खोटी ठरली. जामीनदार म्हणून मामा उभे राहिले, सातबारा आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला घेऊन. कागद तुरुंगात पोचला तेव्हा बंदी झाली होती, म्हणून आणखी एक रात्र. सकाळी तो दारातून बाहेर आला तेव्हा औषध त्याच्या हातात नव्हतं. सुटताना गोळ्या मिळतीलच असं धरून चालू नका. मी दोन दिवसांच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन गेले होते, तिथेच फूटपाथवर त्याला सकाळची गोळी दिली.

केस अजून चालू आहे. तारखेला आम्ही दोघं जातो, त्याच आठवड्यात लिथियमची पातळी करून घेतो. कंडक्टरांना भेटून माफी मागायची त्याची फार इच्छा आहे, पण साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही अशी जामिनाची अट आहे. त्यानं पत्र लिहून ठेवलंय, दीड पानाचं. ते वकीलबाईंच्या फाइलीत आहे.