दहा रुपयांचा स्टॅम्प

आमच्या गल्लीतला रस्ता कागदावर कधीच पूर्ण झालाय म्हणे. म्हणून आज माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन गेलो, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून. टेबलामागच्या पोराने अर्ज न वाचताच विचारलं, "कशाला हवीये माहिती?"

कायद्यातलं कलम ६(२) मला पाठ आहे. कारण सांगावं लागत नाही. आणि तोंडातून काय निघालं? "साहेब, सहजच."

सहजच! माझ्या मुलाच्या वयाचा तो, आणि मी साहेब म्हणतोय. आमचे वडील तहसील कचेरीत शिरताना चपला बाहेर काढायचे, देवळात काढतात तशा. कायदा २००५ साली आला, पण माझी मान अजून तिथेच वाकते.

पोच मागितली तर शिक्का सापडेना. मग मी खुर्ची ओढून बसलोच. दहा मिनिटांत शिक्का ड्रॉवरमध्ये निघाला. (मुलगा वाईट नव्हता हो, निघताना "काका, पाणी घेता?" म्हणाला.)

कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाला गोल केलाय. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. त्याचा स्टॅम्प वीस रुपयांचा, तोही आजच आणून ठेवलाय.