काबूच्या पुलापाशी

फिलिपिन्सची राजधानी मनिलाहून निघालेली बस न्युएवा एसिहा प्रांतातल्या सपाट भातखाचरांत शिरली आणि नकाशा पाहून लक्षात न आलेली गोष्ट खिडकीतून लक्षात आली : या मुलखात आडोसाच नाही. काबानातुआन शहराबाहेर, पांगातियान येथे जपान्यांची युद्धकैद्यांची छावणी होती. पलावान बेटावर डिसेंबर १९४४ मध्ये कैद्यांना जाळून मारल्याचे कळल्यामुळे इथल्या कैद्यांना तातडीने सोडवणे भाग होते. ३० जानेवारी १९४५ च्या संध्याकाळी अमेरिकन रेंजर (अचानक छापे घालणारे खास पायदळ) अशाच उघड्या शेतातून पोटावर सरपटत फाटकापर्यंत पोहोचले, आणि पाचशेहून अधिक कैदी सुटले.

छावणीच्या जागी आता स्मारक आहे. तिथे फार वेळ न थांबता मी ट्रायसिकल (प्रवासी तीनचाकी) करून दीडेक किलोमीटरवरच्या काबूच्या पुलाकडे गेलो, कारण माझ्या मते त्या रात्रीची खरी कसोटी तिथे लागली.

रेंजरांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हेन्री म्युसी यांना छापा २९ तारखेलाच घालायचा होता. स्थानिक गनिमी तुकडीचे प्रमुख कॅप्टन हुआन पाहोता यांनी मात्र, पुलाजवळ शेकडो जपानी सैनिक तळ ठोकून असताना हल्ला करणे म्हणजे आत्मघात आहे, असे स्पष्ट सांगितले. परक्या मुलखात, हाती वेळ थोडा असताना, सेनाधिकाऱ्याने स्थानिक गनिमी लढवय्याचे ऐकावे हे युद्धात फारसे घडत नाही. म्युसी यांनी ऐकले आणि बेत एक दिवस पुढे ढकलला. त्या दिवसभरात प्लातेरो गावातल्या लोकांनी कुत्र्यांची तोंडे बांधली, कोंबड्या डालून ठेवल्या. रेंजरांच्या चाहुलीने एक कुत्रे जरी भुंकले असते, तरी बिंग फुटले असते!

छाप्याच्या वेळी पुलाखालच्या सुरुंगाने पुलाला भगदाड पडले, पलीकडचे रणगाडे अडले, आणि पायी धावून येणाऱ्या जपान्यांना पाहोतांच्या माणसांनी तिथेच रोखून धरले. बझूका, म्हणजे खांद्यावरून डागायचे रणगाडाविरोधी अस्त्र, कशी चालवायची हे ते नुकतेच रेंजरांकडून शिकले होते. दुसऱ्या बाजूचा, काबानातुआनकडचा रस्ता दुसरे गनिमी कॅप्टन एदुआर्दो होसोन यांच्या तुकडीने अडवला होता.

चालता न येणाऱ्या कैद्यांसाठी पांपांगा नदीकाठी गावकऱ्यांनी रेड्यांच्या गाड्या जुंपून ठेवल्या होत्या. सुरुवातीला पंचवीसेक असलेल्या या गाड्या वाटेतल्या गावांतून भर पडत शंभरावर गेल्या. रेड्याची चाल काय असते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पाठीवर शत्रू असताना त्या चालीने रात्र काढायची होती.

पुलाच्या कठड्याशी मी अर्धा तास उभा होतो. इथे लढलेल्यांसारख्या फिलिपिनो सैनिकांचे, माजी सैनिक म्हणून मिळणारे बहुतेक लाभ १९४६ च्या अमेरिकन कायद्याने काढून घेतले. हयात असलेल्यांना एकरकमी भरपाई मंजूर व्हायला २००९ साल उजाडले. पाहोता १९७६ मध्येच वारले होते.